एकुलतीचं आजोळ

आत्या निवृत्त झाली त्याला अकरा वर्षं झाली होती, फक्त ही बातमी तिच्यापर्यंत नीट पोहोचली नव्हती. रोज सकाळी साडेनऊला ती वनस्पतिसंग्रहालयात यायची, खिडकीजवळच्या टेबलावर पिशवी ठेवायची, भिंगाची काच रुमालाने पुसायची आणि कामाला लागायची. तेवढ्या काळात तीन संचालक बदलले. प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात ते टेबल रिकामं करून घ्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्यासाठी चांगला दिवा मागवला.

तळमजल्यावर लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या. त्यांत दोन लाख झाडं वाळवून, जाड कागदावर चिकटवून झोपवली होती. कोणी रानातून अनोळखी फांदी घेऊन आलं की आत्या ती हातात फिरवायची, फूल उकलायची, पुंकेसर मोजायची आणि तिचे नातेवाईक कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात निजलेत ते सांगून टाकायची. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. चुकलं तर झाडाचं चुकलं असं मानायची तिथे पद्धत होती.

त्या दोन लाखांत एक झाड तिचं स्वतःचं होतं. तेहेतिसाव्या वर्षी तिला एका ओल्या कातळावर वीतभर उंचीचं, निळ्या फुलांचं झुडूप सापडलं आणि ते कुठल्याच खणात बसेना. पाचपैकी दोन पुंकेसर एकमेकांना चिकटलेले, असं त्या सगळ्या कुळात कोणाचं नव्हतं. दोन वर्षं डोकं खाजवून शेवटी तिने त्याच्यासाठी नवी प्रजाती काढली. प्रजाती म्हणजे झाडांचं घराणं. एकेका घराण्यात दहा-वीस, कधी दोनशे जाती नांदतात. आत्याच्या घराण्यात एकच जात होती आणि त्या जातीचा ठाऊक असलेला एकच कातळ होता. संस्थेत सगळे या जातीला 'बाईंची एकुलती' म्हणत. आत्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे नव्या माणसांना हे ऐकून जरा धक्का बसायचा, आणि जुनी माणसं तो बसू द्यायची.

या सुखाला एकच गालबोट होतं. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी, ज्यांना आत्या नुसतं 'दाढीवाले' म्हणायची, तेव्हाच दोन पानांचं टिपण छापलं होतं की हे नवीन घराणं वगैरे काही नाही. हे त्यांनी स्वतः अभ्यासलेल्या केसाळ बियांच्या प्रजातीतलंच एक आहे. वर तिला पत्रही लिहिलं की पिकलेलं बी पाहिल्याशिवाय घराणं थाटू नये. आत्याकडच्या नमुन्यावर फुलं होती आणि हिरवी, कच्ची फळं होती. पिकलेलं बी नव्हतं. तिने पत्राचं उत्तर दिलं नाही. पुढे अडतीस वर्षं, ज्या सभेला दाढीवाले असत तिथे ती सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसायची.

वरच्या मजल्यावर तिची भाची काम करायची. धाकट्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनीच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून आठव्या वर्षापासून ती आत्याकडेच वाढली, शाळेतून थेट संग्रहालयात येऊन कपाटांच्या मधल्या बोळात गृहपाठ करायची. पुढे ती दुसऱ्या खिडकीजवळ बसणार असं सगळ्यांनी धरलं होतं. ती जिना चढून डीएनएच्या प्रयोगशाळेत गेली. आत्याच्या मते याला वर जाणं म्हणत नाहीत, फितूर होणं म्हणतात. सहा वर्षांत आत्या एकदाही त्या मजल्यावर गेली नाही. कारण गुडघे. याच गुडघ्यांनी ती शिडी चढून कपाटाच्या सर्वांत वरच्या खणापर्यंत पोहोचायची, पण तो विषय कोणी काढत नसे.

दोघींमध्ये एक नियम ठरलेला होता. घरी भाचीने आत्याला 'तू' म्हणायचं आणि संस्थेत 'तुम्ही, बाई'. नियम आत्याचा होता आणि संस्थेच्या फाटकापाशी तो लागू व्हायचा. फाटकाच्या एक पाऊल अलीकडे 'अगं आत्या, डबा घेतलास का?' आणि एक पाऊल पलीकडे 'बाई, तुमचा डबा.'

त्या वर्षी भाचीने एकुलतीच्या सबंध कुळाचा वंशवृक्ष काढायला घेतला होता. त्यासाठी ती हरितलवकांकडे वळली होती. पानाच्या पेशीत जे हिरवे दाणे असतात, ज्यांत उन्हावर झाडाचं अन्न शिजतं, ती हरितलवकं. त्यांच्याजवळ स्वतःचा वेगळा डीएनए असतो, बांगडीसारखा गोल, दीड लाखाच्या आसपास अक्षरांचा. एका पेशीत त्याच्या शेकड्यांनी प्रती, त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पानातूनही तो हाती लागतो. शिवाय तो फार सावकाश बदलतो. दोन झाडांच्या बांगड्यांत त्याच त्या जागी तीच ती बदललेली अक्षरं सापडली, की ती दोघं एका पूर्वजाची. अशी शेकडो झाडांची अक्षरं शेजारी शेजारी मांडली की कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, आणि कोण नुसताच ओळखीचा, हे समजायला लागतं.

कुळातली एकशे चाळीस झाडं गोळा झाली. राहिली एकुलती. तिचं पान मागायला भाची खाली आली तेव्हा आत्याने आधी तिला हात धुवायला लावले. मग लाल कडेची फाइल काढली. जुन्या नमुन्यांच्या कागदाला कोपऱ्यात एक छोटं पाकीट चिकटवलेलं असतं, गळून पडलेले तुकडे त्यात ठेवतात. आत्याने चिमट्याने त्यातून नखाएवढा तुकडा काढला, तो पाहिला, परत ठेवला, त्याहून लहान काढला आणि भाचीच्या हातावर असा ठेवला की जणू स्वतःचं रक्त काढून देते आहे. आणि सांगितलं की उरलं तर परत आण. काही उरत नाही, ते दळावं लागतं, असं भाचीने म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला.

तीन आठवड्यांनी भाची पुन्हा खाली आली. आणखी एक तुकडा हवा होता.

"पहिला खाल्लास का?" आत्याने विचारलं.

भाची म्हणाली की खात्री करून घ्यायची आहे, नमुन्यात कधी कधी भेसळ होते. आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, दुसरा तुकडा दिला, आणि ती वर गेल्यावर बराच वेळ लाल फाइल तशीच उघडी ठेवून बसली.

भाचीला खात्री का करून घ्यायची होती, ते असं. संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून सांडपाण्याची नाली होती आणि नालीच्या दोन्ही काठांना एक पिवळ्या फुलांचं तण माजलेलं असायचं. माळी दर महिन्याला ते उपटायचा आणि ते दर महिन्याला यायचं. प्रयोगशाळेत त्याला 'नालीवाली' म्हणत. नालीवाली याच कुळातली, तिच्या प्रजातीत अशाच पंधरा-वीस उनाड बहिणी. आणि हरितलवकाच्या वंशवृक्षात आत्याची एकुलती, कातळावरची, निळ्या फुलांची, स्वतंत्र घराण्याची, बरोबर या बहिणींच्या मधोमध जाऊन बसली होती. नालीवालीची सख्खी शेजारीण. दुसऱ्या तुकड्यानेही तेच सांगितलं. भेसळ नव्हती.

भाचीने तो वृक्ष चार दिवस कोणाला दाखवला नाही. पाचव्या दिवशी संचालकांनी पाहिला, कारण गुरुवारच्या चर्चासत्रात तो मांडायचा होता. संचालक भला माणूस होता. त्याने वृक्ष पाहिला, मग दार लावलं, आणि हळू आवाजात विचारलं की बाईंना कोण सांगणार. मग स्वतःच म्हणाला की हे घरच्या माणसाने सांगितलेलं बरं; आपण त्या दिवशी बाहेरगावी असू.

त्या संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. भाची आली, समोर बसली, एक शेंग हातात घेतली आणि म्हणाली, "तुम्ही बसा, मी सोलते."

आत्याचे हात थांबले. "घरात मला तुम्ही म्हणालीस," ती म्हणाली. "कोण गेलं?"

मग भाचीला पिशवीतून कागद काढावाच लागला. आत्याने हात पुसले, भिंग आणलं आणि वृक्षाच्या फांद्यांवरून ते सरकवत नेलं, जसं एखाद्या पाकळीवरून न्यावं. केसाळ बियांची मंडळी तिने ओळखली, त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे पुढे सरकत ती नालीवालीच्या घोळक्यात आली आणि तिथे भिंग थांबलं. भाची सांगायला लागली की शाखा किती पक्की आहे, पुन्हा तपासणी कशी केली. आत्या ऐकत नव्हती.

"बरं," ती शेवटी म्हणाली, आणि राहिलेले मटार सोलले. सगळे. मग न जेवता झोपायला गेली, आणि आपण मटारच्या टोपल्याला इतका वेळ टक लावून बघू शकतो हे भाचीला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आत्या नेहमीसारखी कामाला आली. रडारड नाही, आदळआपट नाही. फक्त फाटकातून आत शिरल्यावर ती मागच्या भिंतीकडे वळली, नालीपाशी उभी राहिली आणि पिवळ्या फुलांकडे बघून म्हणाली, "काय मंडळी, बरी आहात ना? आता आपलं येणं-जाणं राहील." माळी तण उपटायला आला तेव्हा तिने त्याला अडवलं. म्हणाली, थोडं सबुरीने घ्या, आमचे पाहुणे आहेत. माळ्याने वर जाऊन भाचीला विचारलं की बाईंची तब्येत ठीक आहे ना. भाचीला हसावं की रडावं कळेना. आत्या रागावली असती तर तिला ते पेललं असतं. हे थट्टेचं प्रकरण जड जात होतं, कारण त्या थट्टेच्या खाली काय आहे ते तिला चांगलं माहीत होतं. लहानपणी ताप आला की आत्या तिला गोष्ट म्हणून एकुलती कशी सापडली तेच सांगायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या जिना चढून वर आली.

सगळी प्रयोगशाळा उठून उभी राहिली. आत्याने सर्वांना बसायला सांगितलं, स्वतः एका फिरत्या स्टुलावर बसली, ते फिरतं हे कळल्यावर जरा दचकली, मग मुद्दाम अर्धी गिरकी घेऊन पाहिली. आणि भाचीसमोर तो कागद ठेवला.

"एक सांग. या हरितलवकात बाप कुठे असतो?"

"बाप नसतो, बाई. बहुतेक फुलझाडांत ते आईकडूनच येतं, बीजांडातून. परागकणातून पुढे जात नाही."

"म्हणजे आई, आईची आई, तिची आई."

"हो."

"मग या तुझ्या शास्त्राने मी तुझी कोण लागते?"

माणसांत हरितलवक नसतं, पण आईकडूनच उतरणारा असा एक डीएनए माणसांतही असतो, आणि आत्या ही बापाची बहीण. "तसं पाहिलं तर," भाची म्हणाली, "कोणीच नाही."

"आठ वर्षांची असल्यापासून तुझी नखं कापली, गोवर काढला, बीजगणित शिकवलं," आत्या म्हणाली, "आणि कोणीच नाही. असू दे. पण मग हा वंशवृक्ष म्हणू नकोस. तू हिचं आजोळ शोधलंस. आजोळ नालीवर आहे, मान्य. वडिलांकडची माणसं कुठायत?"

खोलीत कोणीतरी खोकलं. भाचीला हा प्रश्न नवीन नव्हता. पुढच्या टप्प्यात केंद्रकातला डीएनए पाहायचा असं तिनेच आराखड्यात लिहिलं होतं. केंद्रकात आई आणि बाप दोघांचाही वाटा असतो. अडचण अशी होती की त्याच्या प्रती थोड्या, आणि त्या जुन्या नमुन्यात त्यांचा पार भुगा झाला होता. ताजं पान हवं. भाचीने तसं सांगितलं. आत्याने विचारलं, मग कातळावर कधी जायचं.

जायचं तर फळं पिकतात तेव्हाच, असं मात्र आत्या म्हणाली नाही. तिने नुसता महिना सांगितला, दोन महिन्यांनंतरचा. चर्चासत्र पुढे ढकललं गेलं आणि संचालकांचा बाहेरगावचा दौरा आपोआप रद्द झाला.

ठरल्या दिवशी संस्थेची जीप निघाली. आत्याने काठी घेतली होती आणि मांडीवर चाळीस वर्षांपूर्वीची टिपणवही. रस्ता संपला तिथून ओढ्याच्या काठाकाठाने पाऊण तास चालायचं होतं. आत्याला तिथेच थांबवायचं असं भाचीने आणि ड्रायव्हरने आधी ठरवलं होतं, पण ते तिला सांगायची वेळ आली तेव्हा ती शंभर पावलं पुढे गेलेली होती. ओढ्याच्या कडेने नालीवालीची पिवळी फुलं फुललेली. आत्याने काठीने ती दाखवली आणि पुढे चालू लागली.

कातळापाशी मात्र ती खाली एका दगडावर टेकली. वही उघडून तिने वाचून दाखवलं: फुटलेला कडा उजव्या हाताला ठेवायचा, पाण्याच्या रेषेपासून दोन पुरुष उंचीवर, शेवाळ्याच्या पट्ट्यात. भाची ओली होत, घसरत वर गेली. झाडं तिथेच होती. वहीत तेवीस लिहिली होती. तिने एकोणचाळीस मोजली. पाच झाडांची एकेक-दोन पानं तिने ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांत घातली. खालून आत्याचा आवाज आला की फळंही आण. पिकलेली.

भाचीने तीन तपकिरी फळं आणून तिच्या तळहातावर ठेवली. आत्याने नखाने एक उकललं. आतून बारीक काळ्या बिया सांडल्या. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि तळहात उजेडाकडे नेला. प्रत्येक बीच्या एका टोकाला केसांचा झुबका होता, पांढरा, मऊ, वाऱ्याने हलणारा. केसाळ बियांच्या घराण्याचा हा झुबका ओळखायला भिंगाचीही गरज नव्हती.

तिने बिया पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख लिहिली, आणि काठी उचलून परतीच्या वाटेला लागली. जीप डांबरी रस्त्याला लागली तेव्हा म्हणाली, "तुझ्या यंत्राचं उत्तर मला आज कळलं. पण तू काढ. मला घाई नाही."

भाचीने विचारलं की इतक्या वर्षांत ती पुन्हा इथे का आली नाही. वर्षातून एकदा जीप मिळतेच.

"आधी वेळ नव्हता," आत्या म्हणाली. "मग रस्ता वाईट होता. मग गुडघे." तिने मांडीवरची वही मिटली. "मला बी बघायचं नव्हतं गं. दाढीवाल्यांनी लिहिलं तेव्हाच धास्ती घेतली होती. न बघता जितके दिवस जातील तितके घालवले." आणि खिडकीबाहेर बघू लागली. भाचीने तिचा हात धरला. अजून फाटक आलं नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं.

केंद्रकातली साडेतीनशे जनुकं वाचून लावायला तीन महिने गेले. उत्तर जीपमधलंच आलं. केंद्रकाच्या वृक्षात एकुलती केसाळ बियांच्या घराण्यात होती, आतल्या एका फांदीवर, मुळीच एकटी नव्हे. दोन्ही वृक्ष शेजारी ठेवल्यावर गोष्ट जुळली. फार पूर्वी कधीतरी केसाळ बियांच्या एखाद्या झाडाचा परागकण ओढ्याकाठच्या एखाद्या नालीवालीच्या फुलावर पडला. त्यातून जे रोप आलं त्याच्यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या केसाळ बियांच्याच मंडळींचे परागकण पडत गेले. दर पिढीत नालीवालीचा अंश निम्मा होत होत जवळजवळ पुसून गेला. पण हरितलवक आईकडून लेकीकडे जसंच्या तसं उतरत राहिलं. तेवढी एकच वस्तू आजोळची.

आत्याने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की घराणं आपण थाटलं, आपणच मोडू. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लेख दोघींनी मिळून लिहायचा ठरला. तिथेही एक गंमत निघाली. झाड दुसऱ्या प्रजातीत हलवलं की नवं नाव लिहिताना पहिल्या नावकर्त्याला कंसात टाकतात आणि हलवणाऱ्याचं नाव कंसाबाहेर येतं. भाची म्हणाली, आत्यानेच हलवावं, म्हणजे कंसातही तीच आणि बाहेरही तीच, नियमात बसतं. आत्याने थोडा विचार केला. मग म्हणाली की कडेवर घेऊन फिरवलेल्या पोरीने आपल्याला कंसात घालावं हे ठीकच आहे, आत कोणी कटकट करायला नसतं. बाहेर तू उभी राहा.

एक काम उरलं होतं आणि ते आत्या रोज उद्यावर ढकलत होती. शेवटी एका सकाळी तिने संग्रहालयातल्या फोनवरून दाढीवाल्यांना फोन लावला. ते ऐंशीचे झाले होते, ऐकायला कमी येत होतं. भाची शेजारी उभी होती, त्यामुळे तिला दोन्ही बाजू ऐकू आल्या; खरं तर तळमजल्यावर सगळ्यांनाच आल्या. आत्याने आपली ओळख सांगितली. मग, पाठ केलेलं असावं तसं, एका दमात सांगितलं की अडतीस वर्षांपूर्वीच्या वादात ते बरोबर होते आणि ती चूक होती. बी पाहिलं. झुबका आहे.

मग दाढीवाल्यांनी विचारलं, "कुठला वाद?"

आत्याने कातळ सांगितला, निळी फुलं सांगितली, दोन पानांचं टिपण सांगितलं, पत्र सांगितलं. ते म्हणाले की झाड आठवतं, सुरेख होतं, पण वाद काही आठवत नाही. आपलं भांडण होतं का? आपल्याला तर वाटायचं की बाईंना लांबचं दिसत नाही म्हणून त्या सभागृहात ओळख दाखवत नाहीत.

आत्याने फोन ठेवला. घराणं गेल्याचं तिने जेवढं मनाला लावून घेतलं नव्हतं तेवढं हे लावून घेतलं. दिवसभर ती म्हणत होती, अडतीस वर्षं मी मन लावून भांडले, आणि या माणसाला पत्ताच नाही. भाचीला बाहेर जाऊन हसून यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात दाढीवाले स्वतः आले. दाढी पांढरी झाली होती आणि खिशात स्वतःचं भिंग होतं. आत्याने बियांचं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली, जशी निकाल ऐकायला उभी राहावी. त्यांनी बिया पाहिल्या. उलट्या करून पाहिल्या. मग म्हणाले, "छे. ही माझी नाही."

आत्याला वाटलं आपल्याच कानाला काहीतरी झालं. ते समजावून सांगू लागले की त्यांच्या घराण्यातल्या बियांचे केस पिळाचे असतात, हे तर सरळ आहेत. शिवाय दोन जुळलेले पुंकेसर. हे स्वतंत्रच घराणं आहे, बाईंनी तेव्हा बरोबर केलं होतं, आता उगाच मोडू नये.

"अहो, साडेतीनशे जनुकं सांगतायत की ते तुमच्यात आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि तुम्हीच लिहिलं होतंत."

"मी काय लिहिलं ते मला आठवत नाही म्हणालो ना," दाढीवाले म्हणाले.

दुपारपर्यंत दोघं खिडकीजवळच्या टेबलावर भिंगं घेऊन भांडत होते. आत्या डीएनएच्या बाजूने बोलत होती. जनुकं, शाखांचा भक्कमपणा, आईकडची रेषा, बापाकडची रेषा, सगळं तिच्या तोंडी असं आलं की भाची जिन्यातच थबकली. दाढीवाले फुलाच्या बाजूने बोलत होते. संध्याकाळी निघताना ते म्हणाले की पटलेलं नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा येतो. आत्याने त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि वाटेत नालीवालीचीही ओळख करून दिली.

ते सोमवारी आले, आणि त्यानंतरच्याही सोमवारी. लेख तयार झाला तेव्हा आभारांत त्यांचं नाव घालायचं ठरलं. दाढीवाल्यांचा आग्रह होता की निष्कर्ष त्यांना मान्य नाहीत असं स्पष्ट लिहावं. आत्याने लिहिलं: चर्चेबद्दल आभार, निष्कर्ष त्यांना अजून मान्य नाहीत. दाढीवाल्यांनी मसुदा वाचला आणि 'अजून' खोडलं. आत्याने पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा खोडलं, या वेळी शाईने. तो कागद तीन सोमवार असा टेबलावरून इकडे-तिकडे फिरला. चौथ्या सोमवारी ते यायच्या आत भाचीने 'अजून' ठेवलं आणि दोघांनाही न विचारता लेख पाठवून दिला.